फॅन बेल्ट किंचाळतो तेव्हा : जुन्या डिझेल गाडीच्या पट्ट्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात जुन्या डिझेल गाड्यांना तोटा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, लोगन इथेच बनल्या, आणि निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याची डिझेल गाडी सहजासहजी निवृत्त होत नाही. मी गॅरेजवाला नाही. अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला काढली, त्यामुळे पट्टे, पुल्या आणि बेअरिंगं यांच्याशी रोजचा संसार झाला. सोसायटीतले शेजारी आणि गावाकडचे पाहुणे जे प्रश्न पुन:पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत.

फॅन बेल्ट म्हणजे नेमका कोणता पट्टा?

पूर्वी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघालेला एकच व्ही आकाराचा पट्टा रेडिएटरचा पंखा, वॉटर पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवायचा. म्हणून तो फॅन बेल्ट. आता बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो, पट्टा त्याला शिवतही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. एसी आणि पॉवर स्टिअरिंग आलं तसे पट्टे दोन-तीन झाले. पुढे एकच लांब, चपटा, आतून उभ्या खाचांचा पट्टा सगळ्या पुल्यांना वेढे घालू लागला. दुकानात त्याला रिब बेल्ट किंवा पीके बेल्ट म्हणतात.

टायमिंग बेल्ट हा वेगळा प्राणी. तो झाकणाच्या आत असतो, त्याला आडवे दात असतात आणि तो इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळतो. खालची सगळी चर्चा बाहेरच्या पट्ट्यांची आहे.

पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलचे पट्टे लवकर का जातात?

डिझेलचं इंजिन धक्क्याधक्क्याने फिरतं म्हणून. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. आयडलिंगला ८०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण २७ धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक पुढे झेपावतो आणि पुढच्या कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबताना, मंदावतो. जुन्या डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीच्या आसपास, त्यामुळे झेपही मोठी आणि मंदावणंही मोठं. अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मात्र जड, आणि पुली लहान असल्यामुळे क्रँकच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरणारा. त्याला हे क्षणाक्षणाचं थांब-पळ जमत नाही. या दोघांच्या ओढाताणीत सापडतो पट्टा.

म्हणूनच क्रँक पुली दोन भागांची असते. आतला लोखंडी गाभा, बाहेरची कडी आणि मध्ये धक्के पिणारं रबर. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुलीही एकाच दिशेने पकडणारी असते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. हे दोन्ही भाग लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सकाळी चालू केल्यावर मिनिटभर किंचाळतो, मग गप्प होतो. सोडून द्यावं का?

थंडीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. गाडी चालू करताना हीटर प्लग आणि स्टार्टर बॅटरीतून भरपूर करंट खेचतात. इंजिन सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर ती उधारी फेडायला लागतो, म्हणजे त्याच्यावर पूर्ण लोड येतो. त्याच वेळी पट्टा गारठून कडक झालेला असतो आणि अल्टरनेटरच्या लहान पुलीवर त्याची मिठी आधीच अपुरी असते. मग तो घसरतो आणि ओरडतो. बॅटरी थोडी भरली, रबर कोमट झालं की शांत.

वर्षातून दोन-चार दिवस होत असेल तर घाबरू नका. रोज व्हायला लागलं तर ताण कमी झालाय, पट्टा गुळगुळीत झालाय किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे. बॅटरी तपासायचं बहुतेक जण विसरतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत.

आवाज पट्ट्याचाच आहे, हे कसं ओळखायचं?

आधी आवाजाची जात ओळखा. लांब, चढणारी किंकाळी म्हणजे घसरणं. गाडी रेस केली, एसी लावला, जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ती वाढते. चिमणीसारखी तालात येणारी चिवचिव म्हणजे बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसणं. घरघर किंवा पीठ दळल्यासारखा आवाज हा बेअरिंगचा, त्याच्याशी पट्ट्याचा संबंध नाही.

मग पाण्याची परीक्षा. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवारणीची बाटली घ्या, आयडलिंगवर पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारा. हात लांब ठेवा, बादली ओतू नका. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण बघा. आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर पुल्यांची रेषा बिघडली आहे. फुकटातली परीक्षा आहे, पण गॅरेजमध्ये करताना मी क्वचितच कुणाला पाहिलंय.

नवा पट्टा टाकला, तरी महिन्याभरात आवाज परत. दुकानदाराने फसवलं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि दुकानदार बहुधा निर्दोष असतो. पट्टा स्वत:हून क्वचितच बिघडतो. त्याला कुणीतरी बिघडवतं. नव्या पट्ट्याची पकड चांगली असते, म्हणून आवाज काही दिवस दबतो, पण मूळ दुखणं जागच्या जागी असतं. मी पट्टा काढला की तो बाजूला ठेवतो आणि आधी पुल्यांकडे जातो.

प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंग पंप, आयडलर (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी पुली), टेन्शनर (ताण धरणारी पुली), आणि बाहेरच्या पट्ट्यावर असला तर वॉटर पंप. फिरताना खरखर लागते का, पुढे-मागे हलवल्यावर खेळ लागतो का? टेन्शनरची चपटी पुली बोटाने फिरवली आणि ती कितीतरी वेळ गरगरत राहिली, तर आतलं ग्रीस संपलं आहे. चांगली पुली थोडी जडच थांबते. एसीच्या पुलीचं बेअरिंग वेगळं असतं. एसी बंद असतानाही ती पुली फिरतच असते, म्हणून 'मी एसी लावतच नाही' हा बचाव तिथे चालत नाही.

मग क्रँक पुली. पांढऱ्या खडूने गाभ्यापासून बाहेरच्या कडीपर्यंत एक सरळ रेघ मारा. गाडी चालू करा, दोन-तीनदा रेस करा, बंद करून बघा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर मधल्या रबराने गाभा सोडला आहे. अशी पुली डुलत फिरते आणि महिन्याला एक पट्टा खाते. बाहेरची कडी निखळून पडल्याचंही पाहिलं आहे. फ्रीव्हील पुली असेल तर रोटर धरून ती दोन्ही दिशांना फिरवा. एका बाजूला सुटी आणि दुसऱ्या बाजूला पकडणारी हवी. दोन्हीकडे घट्ट असेल तर ती जाम आहे.

शेवटी रेषा. स्टीलची फूटपट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवा. अल्टरनेटर खोलून परत बसवताना एखादा वॉशर चुकला, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि रिब बेल्टला तेवढा पुष्कळ होतो. तेलाचा ओघळही शोधा. वरच्या झाकणाचं पॅकिंग, पॉवर स्टिअरिंगचा पाइप किंवा डिझेलची रिटर्न नळी यांतून थेंब-थेंब पट्ट्यावर पडत असेल, तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. तिथे कुठल्याही कंपनीचा पट्टा टिकायचा नाही.

बॅटरीचा लाल दिवा लागला, पण गाडी व्यवस्थित चालतेय. घरी जाऊन बघू का?

नाही. विशेषत: पुढे घाट असेल तर अजिबात नाही.

पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) इनटेकमधून आपोआप मिळतो. जुन्या डिझेलच्या इनटेकमध्ये हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो, आणि त्याच्याबरोबर ब्रेकची मदतही. डॅशबोर्डवर दिसतं फक्त बॅटरीचं चित्र.

हे मी शिकलो ते कसाऱ्याच्या घाटात. जुलै महिना, इगतपुरी सोडल्यावर धो-धो पाऊस, मुंबईच्या दिशेने उतार. लाल दिवा लागला, मी म्हटलं, बॅटरी गेली असेल, कसाऱ्याला बघू. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसरा अर्धा, आणि तिसऱ्याला पेडल दगडासारखं. ब्रेक नाहीसे होत नाहीत, पण एरवीच्या कितीतरी पट जोर लागतो, आणि घाबरलेला पाय तेवढा जोर लावेलच असं नाही. गियर खाली आणले, हँडब्रेक हळूहळू ओढला, तो केबलवर असल्याने व्हॅक्यूमशी त्याचं देणंघेणं नसतं, आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली.

बॉनेट उघडलं तर पट्ट्याच्या चिंध्या. अल्टरनेटरची पुली हाताने फिरेना, बेअरिंग जाम. दोन महिन्यांपूर्वी किंचाळतो म्हणून एका गॅरेजमध्ये नेली होती, तिथल्या पोराने टॉमी (लोखंडी दांडा) लावून पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला होता. आवाज थांबला म्हणून मी खूश होऊन पैसेही दिले होते! त्या ताणाने बेअरिंग मेलं आणि मेलेल्या बेअरिंगने पट्टा.

तुमच्या गाडीचा व्हॅक्यूम पंप कुठे आहे ते आजच बघून ठेवा. अल्टरनेटरच्या मागे तेलाच्या नळ्या आणि एक जाड रबरी नळी दिसली, तर तो तिथेच आहे. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो. त्यांना हा धोका नाही.

पट्टा तुटल्यावर किती अंतर जाता येतं?

काय थांबलं त्यावर ठरतं. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर जिथे आहात तिथेच थांबा. काही मिनिटांत इंजिन उकळतं, हेड वाकतं आणि काही शेकड्यांच्या पट्ट्यापायी हजारोंचं बिल येतं. व्हॅक्यूम पंप गेला असेल तरी चालवू नका. फक्त अल्टरनेटर थांबला असेल, तर मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल बॅटरीवर बराच वेळ चालतं, कारण त्याला डिझेलचा सोलेनॉइड (विजेवरची झडप) उघडा ठेवण्यापुरतीच वीज लागते. कॉमन रेल, म्हणजे नंतरच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या डिझेल गाडीत, इंजेक्टरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं विजेवर, त्यामुळे तिचा भरवसा कमी. एसी, ब्लोअर, टेप बंद करा, गाडी बंद करू नका आणि जवळचं गॅरेज गाठा. फक्त पॉवर स्टिअरिंगचा पट्टा तुटला तर दंड दुखतील, इतकंच.

ओढणी किंवा सुतळी बांधून काम भागतं म्हणतात, खरं का?

व्ही आकाराच्या खोल पुलीत, फक्त वॉटर पंप फिरवायला, हळू चालवत दोन-चार किलोमीटर कुणाचं तरी भागलं असेल. रिब बेल्टच्या उथळ पुल्यांवर कापड थांबतच नाही. उलट सुटलेलं टोक पुलीत गुंडाळलं तर नवं लचांड. टोइंगवाल्याला फोन लावा.

बदलायची वेळ झाली, हे बघून कसं कळतं?

जुन्या पद्धतीच्या निओप्रीन रबराचे पट्टे म्हातारे झाले की आडव्या भेगा दाखवतात. इंचभर लांबीत तीन-चार भेगा दिसल्या की बदला. आताचे बरेच पट्टे ईपीडीएम रबराचे असतात आणि त्यांना भेगा लवकर पडतच नाहीत. ते टायरसारखे झिजतात. खाचा रुंद होतात आणि पट्टा पुलीत खोल बसतो. बघणारा म्हणतो 'मस्त आहे की!' आणि पट्टा मात्र संपलेला असतो. म्हणून डोळ्यांबरोबर नखही चालवा. नव्या पट्ट्याच्या खाचेत नख फिरवा, मग जुन्याच्या. फरक कळतो.

काचेसारखी चमक, कडेचे सुटलेले दोरे, एखाद्या धारेचा (दोन खाचांमधल्या उभ्या पट्टीचा) निघालेला तुकडा, तेलाने आलेला मऊपणा यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. व्ही बेल्टची खूण आणखी एक आहे. तो पुलीच्या दोन बाजूंना धरतो, तळाला टेकत नाही. पुलीचा तळ घासून चमकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे, आणि तिथे कितीही ताणलं तरी घसरणारच.

किलोमीटरचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो पाळा. माझा स्वत:चा हिशेब असा, की दर सर्व्हिसला बघायचं आणि चार-पाच वर्षांत बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. रबराला वय असतं.

पट्ट्यावरचे आकडे काय सांगतात?

६पीके१२०० म्हणजे सहा धारा, पीके जातीची खाच, १२०० मिलिमीटर लांबी. व्ही बेल्टवर १३×१००० असं काही असेल तर वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि लांबी १०००. एसी असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलची लांबी वेगळी असते, म्हणून काउंटरवर नुसतं गाडीचं नाव सांगू नका. जुना पट्टा घेऊन जा, नाहीतर आकड्याचा फोटो. आकडे पुसले गेले असतील तर सुतळीने लांबी मोजू नका, इंजिन नंबरावरून पार्ट नंबर काढून घ्या.

घरी बदलता येईल का?

हात बसलेला असेल तर येईल. गाडी थंड असू द्या. किल्ली खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटरच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही करंट असतो, पाना टेकला तर ठिणग्या उडतात. विजेचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो, तो धोकाही तार काढल्याने टळतो. सैल बाही आणि हातातलं कडं काढून ठेवा.

पट्टा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनांतून. तासाभराने तो पट्टा कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्याच्या खालून गेला होता, यावर घरातल्या घरात भांडण होतं. साधा नियम असा, की खाचांची बाजू खाचांच्या पुलीवर आणि गुळगुळीत पाठ चपट्या पुलीवर.

स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्यावर पाना लावून दाबून धरायचा आणि पट्टा सर्वांत सोप्या पुलीवरून उतरवायचा. टेन्शनर झटक्यात सोडू नका, बोटं सांभाळा. हाताने ताणायची पद्धत असेल तर अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि लांब खाचेतला वरचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलायचा. अल्टरनेटर हलत नाही म्हणून हातोडी मारणारे पाहिले आहेत. खालचा बोल्ट सैल करायला विसरलेले असतात, बाकी काही नाही. नवा पट्टा स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवू नका, आतले दोरे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

बसवल्यावर प्रत्येक पुलीवर धारा मोजा. सहा धारांतली एक बाहेर राहिली, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. टॉर्च लावून बघा, खालची क्रँक पुलीसुद्धा. इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसवलेलं असेल तर त्यासाठी बहुधा पुढचं उजवं चाक काढावं लागेल. गाडी जॅकवर उचललीच तर खाली पक्का स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका.

किती ताणायचा?

स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर तो त्याचं बघतो. हाताने ताणायचा असेल तर सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली गेला तर ठीक, नेमका आकडा पुस्तकातला. अल्टरनेटर सरकवायला पहार लावलीच तर ती त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणावर टेकवू नका, तडकतं. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत बसतो आणि थोडा सैल होतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा दाबून बघा. जोडीचे पट्टे असतील तर एक गेला तरी दोन्ही बदला.

टेन्शनर सापडतच नाही, बोल्टही नाही. मग?

तो लवचीक पट्टा असेल. काही गाड्यांत एसीचा असतो. कापून काढायचा आणि खास क्लिप लावून, क्रँक हाताने फिरवत चढवायचा. हा गॅरेजवर सोपवा.

पट्ट्यावर मारायचा स्प्रे, साबण, मेणबत्ती?

नको. आवाज दोन दिवस थांबतो, मग त्या चिकट थरावर सिन्नर-नांदूर शिंगोट्याची धूळ बसते आणि पुल्या पॉलिश होतात.

बाहेरच्या पट्ट्याने टायमिंग बेल्टचं नुकसान होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि ते सर्वांत महाग पडतं. लोगन-व्हेरिटोचं दीड लिटरचं डिझेल घ्या. त्यात टायमिंग बेल्ट आहे, आणि तो बाहेरच्या पट्ट्याच्या मागेच, त्याच बाजूला. अशा मांडणीत बाहेरच्या पट्ट्याचा दोरा सुटला की तो क्रँक पुलीभोवती गुंडाळत झाकणाच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो. टायमिंग बेल्ट काही दात सरकला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून कडेचे दोरे सुटलेला पट्टा 'अजून महिनाभर काढू' म्हणण्याचा नाही. टायमिंगचं काम निघालं की बाहेरचा पट्टा उतरवावाच लागतो. तेव्हा मजुरी एकच लागते, नवा टाकून घ्या.

पावसात पाण्यातून गेलं की ओरडतो.

त्र्यंबक रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेल्यावर क्षणभर ओरडला तर पाणी उडालंय. पाच मिनिटांनीही ओरडत असेल तर ताण कमी आहे. इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा तुटून पडलेला असला तर तोही बसवून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांचा तो कधीच गेलेला असतो.

कंपनीचाच पट्टा घ्यावा का?

कंपनीच्या डब्यातला किंवा फेनर, गेट्स, कॉन्टिटेक असा माहितीतला, दोन्ही चालतात. छपाई पुसट असेल, डब्यावरचा नंबर पट्ट्यावरच्या नंबराशी जुळत नसेल तर तो परत करा. माझा आग्रह पट्ट्यापेक्षा टेन्शनर आणि आयडलर चांगले घेण्यावर असतो. लोक पट्टा भारीतला आणतात आणि आवाज करणारी पुली तशीच ठेवतात.

काढलेला पट्टा फेकून द्यायचा का?

भेगा, तेल, तुटके दोरे असतील तर फेका. केवळ वय झालं म्हणून काढलेला, पण धड असेल तर पुसून, मोठ्या वेटोळ्यात, न मुडपता डिकीत ठेवा. सोबत टेन्शनरला लागणारा पाना, एक टॉर्च आणि पट्ट्याच्या वेढ्यांचा कागदावर काढलेला नकाशा. घाटात मोबाइलची बॅटरी संपलेली असते, आणि तो फोटो मोबाइलमध्येच असतो.